७४ तोफांचं 'अझोव्ह': प्रतिकृती नेमकी कोणत्या दिवसाची करावी?

गोदीवाला
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, 'अझोव्ह' या रशियन शिडाच्या लढाऊ जहाजाची १:७२ प्रमाणात प्रतिकृती करतोय. कणा, बरगड्या, बाहेरच्या फळ्या आणि तोफांचे दोन्ही मजले पूर्ण झाले. मूळ जहाज साधारण ५४ मीटर लांब होतं, त्यामुळे माझं धूड ७५ सेंटीमीटरच्या आसपास आहे. पुढे आलेली नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, काठी धरली तर जेवणाच्या टेबलावर मावत नाही. आम्ही गेले आठ महिने खाली बसून जेवतोय.

आता डोलकाठ्या उभ्या करायच्या आहेत आणि इथेच अडलोय. जहाज अर्खांगेल्स्कजवळच्या सोलोम्बाला गोदीत बांधलं गेलं आणि १८२६ च्या मे महिन्यात पाण्यात उतरलं. २० ऑक्टोबर १८२७ ला ते ग्रीसच्या नावारिनो उपसागरात लढलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला १५३ भोकं पडली होती. त्यातली ७ पाण्याच्या रेषेखाली होती. डिसेंबरमध्ये झारने त्याला सेंट जॉर्जचं निशाण दिलं. रशियन आरमारात हा मान मिळालेलं हे पहिलं जहाज.

मग मी कोणतं जहाज करू? कोरं, लढाईतलं, की मानाचं निशाण मिरवणारं? रंग, शिडं, निशाण, दोर, सगळं या एका उत्तरावर ठरणार आहे. जाणकारांनी सांगावं.

रत्नांग्रीचो
भारीच काम! लाकूड कुठलं वापरलंत? फोटो टाका.

गोदीवाला
बरगड्यांना शिवण, बाहेरच्या फळ्यांना हळदू, म्हणजे आपल्या कोकणातला हेद. परदेशी लोक नासपतीचं किंवा बॉक्सवूडचं लाकूड वापरतात. ते मागवायला गेलो तर लाकडापेक्षा टपाल महाग पडत होतं. हेदाचे दाणे बारीक असतात, रंग पिवळसर असतो आणि दीड मिलिमीटरची पट्टी वाफेवर धरली की नाळेच्या गोलाईवर न कुरकुरता वळते. बरगड्या आधी एका दुकानातून लेझरने कापून घेतल्या होत्या. त्यांनी प्लायवूडचा जाडीचा आकडा चुकवला आणि २६ बरगड्या फुकट गेल्या. मग सगळ्या फ्रेटसॉने हाताने कापल्या.

माया_सावंतवाडी
हेद योग्य निवडलात. आमच्याकडे खेळण्यांना पांगारा चालतो, पण तो तुमच्या कामाला नको. फार मऊ असतो. तोफखिडकीसारखा चौकोन कापला की कडा भुसभुशीत होते.

जुनेपुराणे
गोदीवाला, तारीख लिहिताना जपून. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं. १९व्या शतकात ते युरोपच्या १२ दिवस मागे चालायचं, म्हणून रशियन कागदांत नावारिनोची लढाई ८ ऑक्टोबरला झालेली दिसेल. निशाणाचा हुकूम त्यांच्या हिशोबाने १७ डिसेंबरचा. पाटीवर एकच पद्धत ठेवा, नाहीतर कुणीतरी येऊन तारीख चुकली म्हणून सांगणारच.

निशाणाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. लढाई दाखवणार असाल तर सेंट जॉर्जचं निशाण लावूच नका. लढाईत जहाजावर साधं आंद्रेइचं निशाण होतं, पांढऱ्यावर निळी तिरकी फुली. मधली लाल ढाल आणि तिच्यातला घोडेस्वार सेंट जॉर्ज ही लढाईनंतरची गोष्ट. 'अझोव्ह'ची चित्रं आणि प्रतिकृती करताना हीच चूक सर्रास होते. १५३ भोकं आणि सेंट जॉर्ज एकत्र दाखवले तर बक्षीस जखमेच्या आधी आलं असा अर्थ होतो.

कान्होजींचा_मावळा
प्रयत्न स्तुत्य आहे, पण मनापासून विचारतो. आपल्या आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं सोडून रशियन जहाज कशाला? चार वर्षं आपल्या आरमाराला दिली असतीत तर पोरांना काहीतरी दाखवता आलं असतं.

गोदीवाला
मावळे, प्रश्न रास्त आहे. पण या रशियन जहाजापर्यंत मी मुंबईतूनच पोचलो. गोदीत नोकरी होती, म्हणून मुंबईत बांधलेल्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचायचो. त्यात 'एशिया' सापडलं. ८४ तोफा, नौरोजी जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, १८२४ साली पाण्यात उतरलेलं. तेच पुढे नावारिनोत इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टनचं निशाणाचं जहाज, म्हणजे सेनापती स्वतः ज्यावर असतो ते, होतं. त्याच्याच बाजूने लढणारं, रशियन सेनापती हायडेनचं निशाणाचं जहाज म्हणजे 'अझोव्ह'. मुंबईचा साग आणि अर्खांगेल्स्कचं लाकूड एकाच उपसागरात एकाच शत्रूवर तोफा डागत होते. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. गुराबही करायची आहे, पण माझ्या हातात आधी हे जहाज आलं.

कान्होजींचा_मावळा
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. चालू द्या.

इतिहासातली_मीरा
ज्यांना नावारिनो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर निर्णय कशाबद्दल आहे ते कळणार नाही.

ग्रीस तुर्की सुलतानाविरुद्ध उठला होता. इजिप्तचा इब्राहिम पाशा सुलतानाच्या बाजूने उतरला आणि त्याचं व तुर्कांचं एकत्र आरमार नावारिनो उपसागरात नांगर टाकून उभं होतं. इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांनी लढाई थांबवा म्हणून दबाव आणायला आपली आरमारं पाठवली. इंग्रजांचा कॉड्रिंग्टन, फ्रेंचांचा द रिनी, रशियाचा हायडेन, जो मूळचा डच. दुपारी ही जहाजं उपसागरात शिरली आणि शत्रूच्या अगदी जवळ नांगर टाकू लागली. कुठेतरी बंदुकीच्या फैरी झडल्या आणि मग चार तास थांबणं नाही. बहुतेक जहाजं नांगरावर उभी राहून लढली. केवळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी आरमारी लढाई.

रशियाची मोठी जहाजं चार होती: 'अझोव्ह', 'गांगुत', 'येझेकिइल' आणि 'अलेक्सांद्र नेव्स्की'. ती आत शिरली तेव्हा उपसागर आधीच धुराने भरला होता आणि 'अझोव्ह'ला मारा खातच आपल्या जागेपर्यंत जावं लागलं. एकाच वेळी कितीतरी जहाजांशी लढत असताना इजिप्तच्या मुहर्रम बेच्या जहाजावर तोफा वळवून त्याने 'एशिया'ला मोठी मदत केली. 'अझोव्ह'वर २४ माणसं मेली आणि ६७ जखमी झाली.

कप्तान कोण, तर मिखाइल लाझारेव्ह. १८२० मध्ये 'मीर्नी' जहाज घेऊन बेलिंग्सहाउझेनबरोबर अंटार्क्टिकापर्यंत गेलेला हाच माणूस. 'अझोव्ह' बांधलं जात असताना तो अर्खांगेल्स्कला त्याच्यावर लक्ष ठेवून होता. त्याच्या हाताखाली याच जहाजावर नाखिमोव्ह, कोर्निलोव्ह आणि इस्तोमिन ही तीन तरुण पोरं शिकली. तिघंही पुढे अॅडमिरल झाले आणि सेवास्तोपोलच्या वेढ्यात १८५४-५५ मध्ये मारले गेले. तिथल्या सेंट व्लादिमीर कॅथीड्रलमध्ये ते आपल्या जुन्या कप्तानाशेजारीच पुरले आहेत.

माझं मत: लढाई दाखवा. या जहाजाचं आयुष्यच त्या चार तासांचं आहे.

कप्पी_आणि_दोर
मीराताई, सुंदर लिहिलंत. मीही प्रतिकृती करतो, लहान १:१०० च्या. तंत्राचं बोलतो.

२४ पौंडी गोळ्याचा व्यास साधारण १४ सेंटीमीटर. १:७२ ला ते २ मिलिमीटरपेक्षाही कमी झालं. पण ड्रिल घेऊन २ मिलिमीटरची १५३ भोकं पाडू नका! लाकडी जहाजाला गोळा लागला की बाहेरून भोक लहान दिसतं, कारण लाकडाचे तंतू परत मिटतात. खरा विध्वंस आतल्या बाजूला. गोळा आत जाताना फळीचे भाले उडतात आणि माणसं बहुतेक त्यांनीच मरतात. म्हणून बाहेरून बारीक, ओबडधोबड, थोडी मिटलेली भोकं हवीत. जाड सुईने टोचून कडा उचला. कठडे आणि तोफखिडक्यांच्या कडा मात्र तुटलेल्या दाखवा.

नको_भोकं
चार वर्षांच्या कामात सुई खुपसायची? माझा जीव कासावीस झाला. काका, कोरं ठेवा. सुंदर जहाज सुंदर दिसू दे.

शिल्पा_बडोदे
मधला मार्ग काढा ना. डावी बाजू कोरी, उजवी भोकांची. फिरवून दाखवता येईल.

गोदीवाला
शिल्पाताई, कल्पना छान आहे. पण एका जहाजाला दोन दिवस मला नको वाटतात. मग ते तक्ता होईल, जहाज राहणार नाही.

रंगारी
रंग कुठून घेताय? आयवाझोव्स्कीचं नावारिनोचं चित्र बघितलंत का?

गोदीवाला
त्यावरूनच घेतोय. काळं अंग आणि तोफखिडक्यांच्या ओळींवर पांढरे पट्टे.

रंगारी
जपून. ते चित्र १८४६ चं आहे आणि आयवाझोव्स्की १८१७ मध्ये जन्मला. लढाई झाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, तिथे नव्हता. त्या काळच्या रशियन जहाजांवर काळ्यावर पांढरे पट्टे होतेच, त्यामुळे मुख्य रंग पटतो. पण प्रकाश, धूर, लाटा आणि नक्षीतला तपशील चित्रकाराचा समजा. चित्राकडून वातावरण घ्या, मोजमाप घेऊ नका.

आणि दोन-चार छटा मिसळून घ्या. प्रतिकृतीवर निव्वळ काळा रंग डांबराच्या डबक्यासारखा दिसतो. थोडा राखाडी आणि थोडा तपकिरी टाकला की ७२ पट लांबून पाहिल्यासारखं वाटतं.

सारंग_खलाशी
मर्चंट नेव्हीत आहे, रात्रपाळीला वाचतोय. नावारिनो म्हणजे आजचं पिलोस. दोन वर्षांपूर्वी आमचं जहाज कालामाताला होतं तेव्हा सुट्टी काढून बसने गेलो होतो. गावाच्या मध्यभागी तीन अॅडमिरलांचा चौक आहे. तिथल्या स्तंभावर कॉड्रिंग्टन, द रिनी आणि हायडेन तिघेही आहेत. समोर उपसागर, आणि त्याला भिंतीसारखं आडवं पडलेलं स्फाक्तेरिया बेट. आत येण्याचा रस्ता दक्षिणेकडून. तिथे उभं राहिलं की कळतं, वाऱ्यावर चालणारी एवढी जहाजं एवढ्या जागेत धुरात शिरली म्हणजे काय. आम्ही टग आणि पायलट घेऊन आत येतो तरी कपाळाला घाम असतो.

गोदीवाला काका, माझं मत: लढाईच, पण शिडं गुंडाळलेली. नांगरावर लढायचं तर शिडं उघडी कशाला?

गोदीवाला
सारंगा, हा मुद्दा पक्का. गुंडाळलेली शिडं करतो. एका ओळीत तू माझं सहा महिन्यांचं शिवणकाम वाचवलंस.

माया_सावंतवाडी
थोडं विषयांतर. 'अझोव्ह'चं नाव पुढे कुठे गेलं माहितीये का? मॉस्कोला क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात रशियन जवाहिऱ्या फाबर्जेचं १८९१ चं एक ईस्टर अंडं आहे, हिरव्यागार हेलिओट्रोप दगडाचं. उघडलं की आत सोन्या-प्लॅटिनमचं इवलंसं जहाज, खाली समुद्र म्हणून अॅक्वामरीन. ते जहाज म्हणजे 'पाम्यात अझोवा', अर्थात 'अझोव्हची आठवण' नावाची क्रूझर. जुन्या 'अझोव्ह'चं सेंट जॉर्जचं निशाण वारशाने या नावाकडे आलं होतं.

पुढचं ऐका. ही क्रूझर राजपुत्र निकोलाइला पूर्वेच्या प्रवासाला घेऊन निघाली आणि डिसेंबर १८९० मध्ये मुंबईत आली होती! त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज आजारी पडला आणि मुंबईहूनच परत गेला. मुलं दूर असताना आईला दिलेलं ईस्टरचं अंडं ते हेच.

कान्होजींचा_मावळा
माया, अंगावर काटा आला. म्हणजे 'अझोव्ह'चं निशाण मुंबई बंदरात येऊन गेलं!

रत्नांग्रीचो
माझा जरा वेगळा मुद्दा. दोर कशाचे वळताय? मी पपांसाठी एक गलबत केलं होतं, दोर सुताचे. पहिल्या पावसाळ्यात ओढलेले सगळे दोर कधी ताठ तर कधी ढिले, आणि दिवाळीला डोलकाठी एका बाजूला कललेली. सूत कोकणातल्या हवेत जगत नाही.

कप्पी_आणि_दोर
+१. पॉलिस्टर घ्या. घरीच दोर वळायचं यंत्र करा: तीन आकडे, एक मोटर, आणि लांबी मिळायला घराचा व्हरांडा. डोलकाठ्यांना धरून ठेवणारे स्थिर दोर गडद तपकिरी करा, कारण ते डांबर लावलेले असायचे. शिडं ओढायचे फिरते दोर फिकट ठेवा. लोक सगळेच दोर काळे करतात आणि जहाज कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं.

इतिहासातली_मीरा
गोदीवाला यांच्या 'एशिया'बद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. 'अझोव्ह' १८२६ मध्ये पाण्यात उतरलं आणि १८३१ मध्ये मोडीत काढलं. पाच वर्षं. 'एशिया' १८२४ मध्ये उतरलं, पोर्ट्समथला बंदरावरचं जहाज म्हणून कित्येक दशकं राहिलं आणि १९०८ मध्ये विकलं गेलं. ८४ तोफा, ८४ वर्षं.

'अझोव्ह' लवकर गेलं त्यात लढाईचा वाटा होताच. पण उत्तरेकडे बांधलेली बरीच रशियन जहाजं घाईत, पुरेशा न वाळलेल्या लाकडाची असत आणि लवकर कुजत. साग तेलकट असतो, लोखंडी खिळे खात नाही. ओकमधल्या आम्लाने खिळे गंजतात. मुंबईच्या गोदीला इंग्रज आरमार कामं देत राहिलं त्यामागे हेही एक कारण होतं.

डर्बीचा_दिलीप
मीराताईंना दुजोरा. इथून दोन-अडीच तासांवर हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' उभं आहे. मुंबईत १८१७ मध्ये जमशेटजी वाडियांनी बांधलेलं, सागवानाचं, अजून तरंगतं. मुलांना घेऊन गेलो होतो. तोफमजल्यावर वाकून चालावं लागतं. मी खांबाला हात लावून उभा होतो. मुलगी म्हणाली, बाबा, याला घरचा वास येतो. आजोबांच्या वाड्याच्या माडीचा वास तिला आठवला होता.

नको_भोकं
दिलीपदादा, हे वाचून डोळे भरले.

सुतारपक्षी
नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचून लिहितोय. आजोबा गलबतं बांधायचे, मी घरांची सुतारकी करतो.

तुम्ही सगळे लढाईच्या आधीचं नाहीतर लढाईतलं बघताय. मला मात्र २१ ऑक्टोबरची सकाळ दिसते. पाण्याखाली ७ भोकं पडली आणि तरी जहाज बुडलं नाही, याचा अर्थ कुणीतरी ती बुजवली. ते काम जहाजावरच्या सुतारांचं. तयार लाकडी गुट्ट्या चरबी लावून आतून ठोकायच्या, वर शिशाचा पत्रा. लढाईनंतर ही जहाजं काही दिवस तिथेच राहून डागडुजी करत होती ना? मग कठड्यावरून दोराने टांगलेली फळी, तिच्यावर बसलेला माणूस, हातात मोगरी, असं दाखवा. डोलकाठ्यांना बांधलेले जोडलाकडांचे आधार दाखवा. भोकं असतील, पण अर्धी बुजलेली. जहाज जखमी असेल, पण कुणीतरी त्याच्याकडे बघतंय असं दिसेल.

इतिहासातली_मीरा
सुतारपक्षी, बरोबर आहे तुमचं. त्यानंतर रशियन जहाजं माल्टाला दुरुस्तीसाठी गेली. तिथवर समुद्र पार करण्याइतकी डागडुजी नावारिनोतच करावी लागली होती.

जुनेपुराणे
आणि निशाणाचा वादही मिटला. २१ ऑक्टोबरला फक्त आंद्रेइची निळी फुली.

नको_भोकं
बुजवलेली भोकं असतील तर माझी हरकत नाही.

गोदीवाला
सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. बायको म्हणाली, झालं, ठरलं. ठरलंच. २१ ऑक्टोबर १८२७, सकाळ.

एक प्रश्न राहतो. हे झाल्यावर 'एशिया'चा तोफमजल्यापर्यंतचाच भाग करून शेजारी ठेवायचा विचार आहे. मुंबईचं जहाज म्हणून तो सागवानात करावा का?

कप्पी_आणि_दोर
मनाला पटणार नाही, पण साग नको. त्याचे दाणे मोठे आणि उघडे असतात. १:७२ ला ते हातभर रुंद चिरांसारखे दिसतील. सागाचं जहाजसुद्धा हेदातच करा.

सुतारपक्षी
बाहेरून हेद, पण कणा सागाचा ठेवा. तो दिसणार नाही. आमचा जुना वाडा पाडला तेव्हाची तुळई माझ्याकडे आहे, शंभर वर्षं वाळलेली. हातभर तुकडा पाठवतो.

---

गोदीवाला
सात महिन्यांनी धागा वर काढतोय. 'अझोव्ह'च्या डोलकाठ्या उभ्या आहेत, शिडं गुंडाळलेली, दोर पॉलिस्टरचे. एक पावसाळा निघाला, एकही ढिला पडला नाही. रत्नांग्रीचो, तुमचे आभार. पुढच्या डोलकाठीला तीन आधारकाठ्या दोराने आवळून बांधल्यात. बाहेर अकरा माणसं काम करतायत, प्रत्येक साधारण अडीच सेंटीमीटरचा. उजव्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या जरा वर एक सुतार फळीवर बसलाय. त्याचा चेहरा मुद्दाम कोरला नाही, फक्त मान खाली घातलेली आहे.

सुतारपक्षींची तुळई गेल्या आठवड्यात मिळाली. कापली तेव्हा घरभर वास सुटला. कण्याची पट्टी काढून वाळत ठेवली आहे. सुतारपक्षी, एक सांगा: टांगलेल्या फळीचे दोर चारही टोकांना बांधायचे, की मधोमध दोनच? त्याशिवाय डिंक लावत नाही.

सुतारपक्षी
दोन्ही टोकांना, फळीच्या खालून वेढा घेऊन वर. मधोमध बांधलंत तर बिचारा पहिल्याच घावाला उलटा होईल.